‘बोलतो का?’ नको, ‘दाखवतो का?’ विचारा: दीड-दोन वर्षांच्या बाळातली स्वमग्नता ओळखताना

अंगणवाडीतल्या मुलांची सहामाही आरोग्य तपासणी होती. दुपारपर्यंत शंभरेक मुलं उरकायची होती आणि बाहेर आमच्या गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. दाराशी अडीच वर्षांचा एक मुलगा सगळ्यांच्या चपला ओळीनं लावत बसला होता. सेविका कौतुकानं म्हणाली, "मॅडम, हा आमचा सगळ्यात गुणी. रडणं नाही, भांडण नाही. चपला बघा कशा लावतो!" वजन चांगलं, डोळे, दात, त्वचा, छाती सगळं ठीक. मी बरोबरची खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

तीन वर्षांनी शाळेच्या तपासणीत तोच मुलगा समोर आला. टीव्हीवरच्या जाहिराती शब्दन्‌शब्द म्हणत होता, पण तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं. आई म्हणाली, "तुम्हीच तपासला होता ना याला?"

चपला लावण्यात काही वाईट नव्हतं. त्या पाऊण तासात त्यानं एकदाही मान वर करून कुणाकडे पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. चूक तिथं झाली. त्यानंतर मी बघायची पद्धत बदलली. तीच इथं आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका आणि उपकेंद्रावरच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासाठी लिहिते आहे. निदान डॉक्टर करतील. आपलं काम शंका वेळेत घेणं आणि ते मूल योग्य दारापर्यंत पोचवणं.

आधी थोडं समजून घेऊ

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. ती जन्मापासून असते, ठळक दिसायला मात्र वर्ष-दीड वर्षानंतर लागते. दोन गोष्टींत ती दिसते. एक, माणसांशी देवाणघेवाण: नजर, हसू, हावभाव, बोलणं. दुसरी, तेच ते करण्याची ओढ आणि आवाज, स्पर्श, चव, उजेड यांची फार जास्त किंवा फार कमी जाणीव. दोन्ही बाजूंची लक्षणं असतील तरच ऑटिझमचं निदान होतं. नुसतं उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नव्हे, नुसतं चाक फिरवत बसणंही नव्हे.

आईनं माया कमी केली म्हणून हे होतं, असं एकेकाळी मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत. ते केव्हाच खोटं ठरलं. गावात मात्र अजून ऐकू येतं, फक्त शब्द वेगळे असतात: "आई सारखी शेतात, पोराकडे लक्ष कुठंय."

किती मुलांत असतं? साधारण शंभरात एक, असं धरून चाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात पाच ठिकाणची २ ते ९ वर्षांची मुलं तपासली होती, त्यात उत्तर गोवाही होता. तिथला ऑटिझमचा आकडा याच घरातला आहे. हजार वस्तीच्या गावात सहा वर्षांखालची शंभरेक मुलं असतात. म्हणजे एवढ्या वस्तीच्या आशाताईच्या यादीत सरासरी एखादं मूल असतं. तुमच्या यादीत आजवर एकही नसेल, तर यादी पुन्हा चाळायला हवी.

कधी बघायचं: १६ ते २४ महिन्यांची फट

आपल्या कामाचं वेळापत्रक नीट पाहा. एचबीएनसीच्या, म्हणजे नवजात बाळासाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात. एचबीवायसीच्या, म्हणजे त्यानंतर लहान बाळासाठीच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात होतात. पंधराव्या महिन्यानंतर आशाताईंची ठरलेली गृहभेट नाही. मूल अंगणवाडीत रोज येऊन बसायला लागतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. तोवर आई किंवा आजी येऊन टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं घेऊन जाते, मूल दिसतंच असं नाही. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि त्या दिवशी मूल मामाच्या गावाला असतं.

ऑटिझमची लक्षणं ठळक होतात ती नेमकी याच मधल्या काळात. आई म्हणते, "वर्षाचा होता तेव्हा मामा, बाबा म्हणायचा, आता म्हणत नाही." शिकलेले शब्द जाणं हेही याच वयात घडतं.

या फटीत एकच दिवस असा आहे, जेव्हा गावातलं जवळजवळ प्रत्येक मूल आपणहून आपल्यासमोर येतं: १६ ते २४ महिन्यांचं लसीकरण. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी आणि पोलिओचा बूस्टर, सोबत जीवनसत्त्व ‘अ’चा डोस. माझं सगळं म्हणणं या एका दिवसाभोवती आहे. ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या मुलांची यादी, काढताना या वयाच्या मुलांच्या नावापुढे पेन्सिलनं एक टिंब द्या. टिंबवाल्या मुलाला पाच मिनिटं जास्त.

पायरी १: सुई टोचण्याआधी बघा

आधी, हे महत्त्वाचं. टोचल्यावर रडणाऱ्या मुलाकडून काहीच कळत नाही. आणि तापलेलं, झोपेतून उठवून आणलेलं किंवा उपाशी मूल असेल तर त्या दिवशी शंका घेऊ नका, पुढच्या आठवड्यात घरी जाऊन बघा.

आई मुलाला घेऊन सतरंजीवर बसली की तिला कार्ड काढायला सांगा आणि तेवढ्यात मुलाकडे पाहा.

पहिलं, हाक. मूल कशात तरी गुंतलेलं असताना थोडं मागून, नेहमीच्या आवाजात नाव घ्या. घरात ‘पिल्या’ म्हणत असतील तर पिल्याच म्हणा, कार्डावरचं ‘आर्यन’ त्याला माहीतही नसेल. टाळी नाही, चुटकी नाही, खांद्याला हात नाही. तीनदा हाक मारूनही वळलं नाही तर नोंद.

दुसरं, तुमचं बोट. पंख्याकडे किंवा भिंतीवरच्या तक्त्यातल्या हत्तीकडे बोट करून म्हणा, "अरे, ते बघ!" या वयाचं मूल तुमच्या बोटाच्या दिशेनं बघतं. ऑटिझममध्ये मूल बघतच नाही, किंवा बोटाकडेच बघत राहतं.

तिसरं, मुलाचं बोट. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथं होते. बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं. फळीवरचा बिस्किटाचा पुडा *हवा* म्हणून दाखवणं, हा एक. आणि आभाळातलं विमान, कुंपणावरचा सरडा, दारातून जाणारी म्हैस आईनंही *बघावी* म्हणून दाखवणं, हा दुसरा. दुसऱ्यात मुलाला काही मिळवायचं नसतं, फक्त आपली गंमत आईबरोबर वाटून घ्यायची असते. मूल म्हशीकडे बोट करतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं: बघितलंस का? बोट, म्हैस, आईचा चेहरा, असा तो त्रिकोण पुरा होतो. दीड वर्षाच्या मुलात हा त्रिकोण दिसायला हवा. शब्द एकही नसेल पण हा त्रिकोण पक्का असेल, तर माझी ऑटिझमची काळजी बरीच कमी होते (कानाची होत नाही). उलट, वीस शब्द येतात, एबीसीडी येते, पण असं कधीच दाखवत नाही, तर वाढते. म्हणून आईला पहिला प्रश्न "बोलतो का?" हा नको.

चौथं, हसू. तुम्ही हसलात तर हसतं का? पदराआड तोंड लपवून ‘बुवाऽ कुक’ करा. लाजून आईच्या कुशीत शिरणं आणि मग चोरून बघणं, हे उत्तम लक्षण आहे. लाजायलासुद्धा समोर माणूस आहे हे कळावं लागतं.

पाचवं, हातातली वस्तू. एक छोटी वाटी आणि चमचा पिशवीत ठेवा. मूल वाटीतून खाल्ल्यासारखं करतं का, आईला खोटंखोटं भरवतं का? की चमचा डोळ्यांजवळ नेऊन तिरप्या नजरेनं फिरवत राहतं? हातांची फडफड, टाचा उचलून चवड्यांवर चालणं, गोल गोल फिरणं हेही पाहून ठेवा. पण यातलं एकेकटं लक्षण कुठल्याही मुलात दिसू शकतं, त्यावरून धावपळ करू नका.

पायरी २: अर्ध्या तासात आईला विचारा

लस दिल्यावर अर्धा तास थांबा, हे आपण प्रत्येकीला सांगतोच. त्या अर्ध्या तासात आई रिकामी असते. फक्त तिला गर्दीत, सासूसमोर विचारू नका. सासूसमोर सून "सगळं करतो" एवढंच म्हणेल. हापशापाशी किंवा व्हरांड्याच्या कोपऱ्यात चार वाक्यं जास्त निघतात.

"नावानं हाक मारली की बघतो ना?" असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणार. प्रश्नातच ‘ना’ घातल्यावर आईनं दुसरं काय म्हणायचं! त्यापेक्षा कालच्या दिवसातलं नेमकं काहीतरी विचारा.

"काल त्याला भूक लागली तेव्हा तुला कसं कळलं?" या एका प्रश्नाला मी फार मानते. एक आई म्हणेल, "माझ्याकडं बघून ‘मम्‌’ म्हणाला, डब्याकडं हात केला." दुसरी म्हणेल, "माझं मनगट धरून ओढत नेलं आणि माझाच हात डब्यावर ठेवला." या दुसऱ्या उत्तरात बघा: मुलानं आईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, तिचा हात पक्कडीसारखा वापरला. हे वारंवार होत असेल तर नोंद. तिसरी म्हणेल, "तो मागतच नाही, मीच वेळ झाली की भरवते." याचीही नोंद.

मग हे: बाहेरून बाबा आले की काय करतो? दुसरं मूल खेळायला आलं तर? कुकरची शिट्टी, मिक्सर, लग्नातला बँजो वाजला तर? खातो काय काय? (पांढराच भात, एकाच कंपनीचं बिस्कीट, तेही तुटलेलं चालत नाही, अशी उत्तरं येतात.) आणि शेवटी, आधी करायचा आणि आता करत नाही असं काही आहे का? शब्द, टाटा करणं, हाकेला बघणं यातलं काहीही गेलेलं असेल, तर बाकी सगळं ठीक असलं तरी पाठवायचंच. त्याला थांबायची मुभा नाही.

वयाची ढोबळ मोजपट्टीही पाठ असू द्या. १२ महिन्यांपर्यंत बडबड आणि टाटा-बोट-हातवारे नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत आपणहून जोडलेले दोन शब्द (‘आई ये’, ‘पाणी दे’) नाहीत, तर तपासणी हवी. माता व बालसंरक्षण कार्डावरची वाढीच्या टप्प्यांची चित्रं यासाठीच आहेत. आपण वजनाचा आलेख भरतो आणि ती पानं कोरी सोडतो.

पायरी ३: एम-चॅट हाताशी असेल तर

सीएचओ आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी हे. एम-चॅट-आर/एफ ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची चाळणी आहे आणि दवाखान्यात वापरायला ती मोफत आहे. १७ प्रश्नांत ‘नाही’ला एक गुण. २, ५ आणि १२ हे तीन प्रश्न उलटे: ऐकू येत नसावं अशी शंका, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली, रोजच्या आवाजांचा त्रास. यात ‘हो’ला एक गुण. घाईत हेच तीन चुकतात आणि बेरीज बिघडते.

० ते २ गुण म्हणजे धोका कमी. पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा करा. ३ ते ७ आले तर तिथंच थांबू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर उदाहरणं घेऊन खोलात विचारायचा दुसरा टप्पा आहे. त्यानंतरही २ किंवा जास्त गुण उरले तर पाठवा. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर दुसऱ्या टप्प्याची वाट न बघता थेट पाठवा.

प्रश्न आईच्या हातात कागद देऊन भरून घेऊ नका, बोलत बोलत भरा. आणि गुण कमी आले तरी आईची काळजी कायम असेल, तर आईवर विश्वास ठेवा.

जिथं फसगत होते

कान. हाकेला न बघणाऱ्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी आधी. आई म्हणेल, "ऐकू येतं हो, कुरकुऱ्याचं पाकीट फोडलं की पलीकडच्या खोलीतून येतो." ही खूण ऑटिझमकडे बोट दाखवते हे खरं. तरीही काही आवाज ऐकू येणं आणि काही न येणं असंही असतं, म्हणून तपासणी टाळायची नाही. "जन्मल्यावर मशिननं बघितलं होतं" हेही पुरेसं नाही.

मोबाइल. हल्ली घरचे स्वतःच सांगतात, "मोबाइलमुळं झालंय, बंद केला की बोलेल." दोन वर्षांखाली पडदा नकोच, तो बंद करायला आजच सांगा. पण ‘मोबाइल बंद करून सहा महिने बघू’ हा सल्ला देऊ नका. मोबाइल बंद आणि तपासणी, दोन्ही एकाच आठवड्यात. मोबाइलनं ऑटिझम होत नाही. बरेचदा उलटं असतं, माणसांत न रमणारं मूल पडद्यात रमतं, म्हणून तो त्याच्या हातात जास्त राहतो.

"याचे वडीलही चार वर्षांनी बोलले", "जीभ जड आहे", "मुलगे उशिराच बोलतात". ही तीन वाक्यं मी सगळ्या तालुक्यांत ऐकली आहेत, आणि मुलाची दोन-दोन वर्षं त्यांत जातात. वडील उशिरा बोलले असतील. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ.

गुटगुटीत मूल. आपली नजर वजनकाट्यावर तयार झाली आहे. सॅम-मॅम (तीव्र किंवा मध्यम कुपोषण) नाही, वजनाच्या आलेखात रंग हिरवा, म्हणजे मूल छान. ऑटिझम वजनात दिसत नाही.

शांत मुली. निदान मुलग्यांचं जास्त होतं, तीन-चारपट. पण मुली सुटतातही जास्त, कारण गप्प बसणारी मुलगी आपल्याला खटकतच नाही. दाराशी चपला लावत बसलेली मुलगी असती, तर मी बहुधा शाळेतही ओळखली नसती.

आणि लस. हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल, कारण लक्षणं दिसण्याचं वय आणि गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसचं वय एकच. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं गोवर-गालफुगी-रुबेलाच्या लसीशी ऑटिझमचा संबंध जोडणारा लेख लिहिला. त्यातली माहिती खोटी निघाली, २०१० साली तो लेख मागे घेतला गेला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा माग ठेवून २०१९ साली पुन्हा तपासलं गेलं, संबंध नाही. आईला एवढा इतिहास नको असतो. तिला सांगा, "लसीमुळं हे होत नाही. बरेचदा खुणा आधीपासून असतात. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर काढ, आपण दोघी बघू."

पायरी ४: घरच्यांशी बोलताना

‘ऑटिझम’ हा शब्द तुम्ही उच्चारू नका. निदान आपलं नाही, आणि तो शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होतो. ‘मतिमंद’ तर कधीच नाही. जे दिसलं तेवढंच सांगा.

असं काहीतरी: "अगं, पिल्या चालतो छान, चढतो छान. पण हाक मारली तर बघत नाही आणि काही दाखवत नाही, हे मला जरा खटकतंय. कान आणि बोलणं तपासून घेऊ. मी येते सोबत." आधी मूल काय करतं ते, मग खटकलेलं, मग पुढची तारीख. या क्रमानं सांगितलं की आई ऐकते. "काही नाही, होईल नीट" हे चुकूनही म्हणू नका, दार तिथंच बंद होतं.

सासूबाई म्हणतील, "नजर लागली आहे, भगताला दाखवून आणलंय." वाद घालू नका. "काकू, भगताकडं जाऊन आलात, बरं झालं. आता सोमवारी डॉक्टरकडं पण जाऊ." बऱ्याच घरात आजीच मुलाला सांभाळते आणि तिलाच सगळं आधी दिसलेलं असतं, फक्त बोलायची भीती असते. तिला शहाणपण शिकवण्यापेक्षा साक्षीदार करा: "तुम्ही सात नातवंडं वाढवलीत, हा कुठं वेगळा वाटतो?"

वडील घरी असताना एक फेरी मारा. गाडीभाडं आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब तेच करतात.

पायरी ५: पाठवायचं कुठं आणि काय देऊन

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणातल्या कमतरता आणि विकासातला विलंब हे त्याचे चार भाग. ऑटिझम चौथ्यात येतो. वाट अशी: तुम्ही आरोग्यसेविका किंवा सीएचओंना सांगायचं, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा आरबीएसकेचं पथक, तिथून जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी. तिथं बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, कान आणि वाचा यांचे तज्ज्ञ, विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत अशी रचना आहे. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी असते किंवा वाचातज्ज्ञ आठवड्यातले ठरावीक दिवसच येतात. म्हणून आधी फोन करून वार विचारा. शंभर किलोमीटर जाऊन "आज मॅडम नाहीत" ऐकलेलं कुटुंब दुसऱ्यांदा निघत नाही.

सोबत काय: माता व बालसंरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘बोलत नाही, पुढील उपचारार्थ’ लिहून काही साधत नाही. असं लिहा: "वय २० महिने. तीन हाकांना वळला नाही. बोट दाखवलेल्या दिशेनं पाहत नाही. दाखवण्यासाठी बोट करत नाही. दोन शब्द येत होते, चार महिन्यांपासून बंद. कान व विकास तपासावा." हीच वाक्यं कार्डावरही लिहा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. चिठ्ठी हरवते, कार्ड सहसा कोयत्याबरोबर प्रवास करतं.

आणखी एक युक्ती. आईच्या मोबाइलवर घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला सांगा: मूल एकटं खेळताना, हाक मारल्यावर, जेवताना. दवाखान्यात मूल घाबरून रडतं किंवा झोपतं, तेव्हा तो व्हिडिओ डॉक्टरांना फार कामाला येतो. मात्र तो आईच्याच फोनमध्ये राहू द्या. आपल्या कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, ‘फक्त मॅडमला दाखवायला’ म्हणूनही नाही.

पाठवल्यावर पंधरा दिवसांनी घरी जा. गेले का, काय सांगितलं, पुढची तारीख कधीची. "थांबा, बोलेल" एवढंच ऐकून आले असतील आणि तुमची शंका कायम असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा बघा, पुन्हा पाठवा. आपण पाठवलेलं मूल तपासणीत ठीक निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. चाळणीचं कामच तसं असतं.

पायरी ६: तारीख मिळेपर्यंत

थेरपी निदानाच्या कागदानंतर सुरू होते, पण घरातलं काम आजपासून सुरू करता येतं. आणि ते तुम्ही शिकवू शकता. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झालेल्या एका चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पालकांना मुलाशी कसं खेळायचं ते शिकवलं. २०१६ साली निकाल आला: पालक मुलाच्या कलानं जास्त वागू लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली.

आईला एवढंच दाखवून द्या. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बस. त्याला आपल्या खेळात ओढू नकोस, त्याच्या खेळात तू शिर. तो झाकण फिरवतोय तर तूही दुसरं झाकण फिरव. तो ज्याकडे बघतोय त्याचं नाव घे, एका-दोन शब्दांत: "झाकण. गोल गोल." मग थांब. मनात दहा आकडे मोज. आपण बायका थांबत नाही, लगेच दुसरं वाक्य बोलतो. मुलाला उत्तर द्यायला जागाच राहत नाही. भाकरी करताना पिठाचा गोळा हातात दे आणि दुसरा गोळा मुठीत धरून त्यानं बघेपर्यंत थांब. नुसती नजर आली तरी गोळा दे. अंघोळ, भरवणं, कपडे घालणं, या रोजच्या कामांतच हे बसतं. वेगळा तास काढायची गरज नाही.

घरची भाषा बदलू नका. तांड्यावर गोरमाटी, खानदेशात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी बोलत असतील तर तीच. ‘मुलाचा गोंधळ होतो, मराठीच बोला’ किंवा ‘इंग्रजीच बोला’ हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, आणि आई परक्या भाषेत बोलू लागली की ती मुळातच कमी बोलते.

शहरातल्या जाहिराती गावात पोचल्या आहेत: स्टेम सेलची इंजेक्शनं, ‘तीन महिन्यांत खात्रीनं बरं’. ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. जमीन विकून कुणी निघालं असेल तर आधी डीईआयसीच्या डॉक्टरांशी बोलायला लावा.

अंगणवाडीताईंसाठी: मूल वर्गात आल्यावर

तीन वर्षांनंतर चित्र जरा बदलतं. मूल बोलतं, पण विचारलेलाच प्रश्न परत म्हणतं: "पाणी हवं का?" "पाणी हवं का." बडबडगीतं पूर्ण येतात, पण ‘तुझं नाव काय’ला उत्तर नाही. प्रार्थना सुरू झाली की कानावर हात. रोजची जागा दुसऱ्यानं घेतली की आकांत. खिचडीत मटार आला की ताट ढकलून देतं.

अशा मुलाला "उद्यापासून आजीला सोबत पाठवा" म्हणून घरी धाडू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल आला आहे. त्यात अशा मुलाला ओळखणं, अंगणवाडीत सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे सेविकेचंच काम धरलं आहे. त्याची जागा भिंतीलगत, दारापासून दूर ठरवून द्या. दिवसाचा क्रम चार चित्रांत भिंतीवर लावा: प्रार्थना, खेळ, खाऊ, घर. एक झालं की त्यावर बोट ठेवून पुढचं दाखवा. सूचना एका वेळी एकच आणि छोटी. घंटा वाजवणार असाल तर आधी त्याच्याजवळ जाऊन सांगा. एका सेविकेनं घंटा वाजवायचं कामच अशा एका मुलाला देऊन टाकलं. आवाज कधी येणार हे त्याला आधी कळू लागलं आणि कानावरचे हात खाली आले.

कागदपत्रं, थोडक्यात

निदान झाल्यावर पालकांना सांगायच्या दोनच गोष्टी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, निघतं. आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

गटप्रवर्तक आणि मुख्यसेविकांसाठी

मासिक बैठकीत यावर भाषण ठेवू नका. नायजेरियातल्या डॉक्टरांनी २००८ साली आरोग्य कर्मचाऱ्यांचं ऑटिझमबद्दलचं ज्ञान मोजायला १९ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ती बऱ्याच देशांत वापरली जाते. तिचे चार भाग आहेत: माणसांशी वागणं, बोलणं, तेच ते करणं, आणि ऑटिझम नेमका काय आहे, कधी सुरू होतो. असेच दहा-बारा प्रश्न मराठीत काढून बैठकीच्या आधी आणि नंतर सोडवून घ्या, नावं न लिहिता. माझ्या अनुभवात बोलण्याबद्दलचे प्रश्न सगळ्याजणींना येतात. शब्द येऊन गेले तर काय, आणि तेच ते करणं कसं दिसतं, इथं अडतात. मग उरलेला वेळ तेवढ्यावरच घालवा. बाहुली, वाटी, चमचा घेऊन एकीनं आई व्हायचं, एकीनं आशा. हसण्यावारी जातं, पण हाक कशी मारायची ते तिथंच पक्कं होतं.

शेवटी, वहीतली एक ओळ. एखाद्या घरात ऑटिझमचं निदान झालं की त्याच्या पाठच्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक इतकी असते. म्हणून त्या आईचं पुढचं बाळंतपण झालं, की त्या बाळाचं नाव वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि नवव्या महिन्याच्या भेटीपासूनच हाक मारून बघायला सुरुवात करा.